बारा व्होल्ट आहेत, मग सेल्फ का फिरत नाही?

मृगाचा पहिला चांगला पाऊस होऊन चार दिवस झाले होते. नांदेडहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायगाव लागते. त्या तालुक्यातले आमचे रान काळे, चिकण. ओले असताना त्यात यंत्र घालता येत नाही आणि फार वाळले तर बी उगवत नाही. मधल्या दोन-तीन दिवसांत वाफसा येतो आणि तेवढ्यात सोयाबीन पेरून घ्यायचे असते. अशा नेमक्या सकाळी दादांचा ट्रॅक्टर सुरू होईना. चावी फिरवली की 'टक्' असा आवाज येई, सेल्फ जडपणे अर्धा घेर घेई आणि थांबे.

"महिना नाही झाला नवी बॅटरी घालून," दादा म्हणाले. "मिस्त्री म्हणतो आता सेल्फ उतरवून नांदेडला न्यावा लागेल."

सेल्फ नांदेडला जाऊन परत यायचा म्हणजे दोन दिवस. तोवर वाफसा गेलेला. मिस्त्रींनी मीटर लावून बॅटरी तपासली होती. ती १२.६ व्होल्ट दाखवत होती. बॅटरी चांगली, म्हणजे दोष सेल्फचाच, असा त्यांचा निष्कर्ष. वरवर पाहता तो तर्कशुद्ध वाटतो. पण त्यात एक पायरी सुटली आहे. ती सुटलेली पायरी नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, म्हणूनच हा प्रसंग शिक्षकांसमोर ठेवावासा वाटतो.

दोन मंडल, एक चावी

आधी यंत्र समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा जोराने दाबली की ती काही शे अंश तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. पण हवा पुरेशी तापायची तर ती झटकन दाबली गेली पाहिजे. सावकाश दाबली तर उष्णता सिलिंडरच्या भिंतींत निघून जाते आणि हवाही फटींतून निसटते. म्हणून इंजिन नुसते फिरून भागत नाही, ते पुरेशा वेगाने फिरावे लागते. हे काम सेल्फची मोटर करते. त्यासाठी तिला काही क्षण दोनशे-तीनशे अँपिअर विद्युतधारा लागते. आपल्या घरातला साठ वॉटचा दिवा पाव अँपिअरवर जळतो, त्यावरून या धारेचा अंदाज यावा.

एवढी धारा चावीतून नेली तर चावी वितळेल. म्हणून ट्रॅक्टरमध्ये दोन मंडले असतात. पहिले मोठे मंडल: बॅटरीच्या धन टोकापासून अंगठ्याएवढी जाड केबल सेल्फपर्यंत जाते, आणि परतीचा मार्ग म्हणजे ट्रॅक्टरचे लोखंडी अंगच. त्या अंगाला एक जाड केबल किंवा पट्टी बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडते. मिस्त्री तिला 'अर्थ' म्हणतात, पण जमिनीशी तिचा संबंध नसतो. दुसरे छोटे मंडल: बॅटरी, फ्यूज, चावी, क्लचजवळचा सुरक्षा-स्विच आणि सेल्फवर बसवलेला सोलेनॉइड. छोट्या मंडलातली धारा सोलेनॉइडच्या वेटोळ्याला विद्युतचुंबक बनवते. तो लोखंडी दांडा ओढतो, दांडा सेल्फचे दातेरी चक्र इंजिनच्या चक्रात अडकवतो आणि त्याच वेळी मोठ्या मंडलातले तांब्याचे दोन जाड संपर्क जोडतो. 'टक्' हा आवाज त्या दांड्याचा.

परदेशांत मोठ्या हिरवळींवर बसून चालवायची गवत कापण्याची यंत्रे असतात. आपल्याकडेही क्रिकेटच्या आणि गोल्फच्या मैदानांवर ती दिसतात. त्यांची विद्युतरचना या ट्रॅक्टरची धाकटी बहीणच म्हणावी: तीच बारा व्होल्टची बॅटरी, तोच सोलेनॉइड, तेच सुरक्षा-स्विच. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते तिथेही बहुतांशी लागू पडते.

कान हे पहिले उपकरण

मीटर हाती घेण्यापूर्वी ऐकावे. चावी फिरवल्यावर काय होते यावरून दोष कोणत्या मंडलात आहे ते बऱ्याच अंशी कळते.

काहीच आवाज नाही: बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा छोटे मंडल कुठेतरी तुटले आहे. फ्यूज, चावी, सुरक्षा-स्विच, सुटलेली वायर यांपैकी काहीतरी.

'टक्-टक्-टक्-टक्' असा घाईचा आवाज: सोलेनॉइड दांडा ओढतो, मोठे मंडल जोडले जाते, मोठी धारा मागितल्याबरोबर विभवांतर कोसळते, चुंबक दुबळा होऊन दांडा सोडतो, धारा थांबते, विभवांतर पुन्हा चढते, पुन्हा दांडा ओढला जातो. शाळेतली विद्युतघंटा याच तत्त्वावर वाजते. बॅटरी उतरलेली आहे किंवा मोठ्या मंडलातला एखादा जोड कच्चा आहे.

एकच 'टक्' आणि शांतता: सोलेनॉइडने आपले काम केले, पण आतले तांब्याचे संपर्क जळाले असावेत किंवा मोटर अडकली असावी.

आता हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे जसेच्या तसे प्रखर राहिले तर मोठी धारा वाहिलीच नाही. दिवे एकदम मंदावले तर एक तर मोटर फार धारा ओढते आहे, किंवा बॅटरी अशक्त आहे, किंवा दिवे आणि सेल्फ यांच्या सामाईक मार्गातला जोड कच्चा आहे. आमचे दिवे मंदावत होते आणि सेल्फ जड फिरत होता. म्हणजे छोटे मंडल निर्दोष, दोष मोठ्यात.

मीटर खोटे बोलला नाही

आता त्या १२.६ व्होल्टकडे वळू. शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली बनवली. तिच्या एका घटाचे विभवांतर दोन व्होल्टपेक्षा किंचित जास्त असते. सहा घट एकापुढे एक जोडले की पूर्ण भरलेल्या बॅटरीला सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात. १२.० च्या खाली आली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. म्हणजे मीटरने सांगितलेले खरेच होते, बॅटरी भरलेली होती. पण प्रश्न वेगळा होता: धारा वाहत असताना सेल्फपर्यंत किती व्होल्ट पोचतात?

जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम आठवा. वाहकाच्या दोन टोकांमधले विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. धारा शून्य असेल तर कितीही रोध असलेल्या जोडावर पडणारे विभवांतर शून्यच. व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त असतो, त्यामुळे तो जवळजवळ धारा घेतच नाही. म्हणून गंजलेल्या, सैल, मातीने भरलेल्या जोडाच्या पलीकडेही चावी न फिरवता मोजले तर पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात. नळाची तोटी बंद असताना कचऱ्याने तुंबलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण असतो, तोटी उघडली की धार बारीक येते, तसेच हे.

थोडे गणित करू. बॅटरीचा अंतर्गत रोध ८ मिलिओहम, केबल आणि सगळ्या चांगल्या जोडांचा मिळून १.६ मिलिओहम आणि फिरणारी मोटर ४०.८ मिलिओहमच्या रोधासारखी वागते असे धरू. (मोटर फिरताना उलट विभव निर्माण करते, त्यामुळे तिला साधा रोध मानणे ही ढोबळ सोय आहे.) एकूण ५०.४ मिलिओहम. १२.६ व्होल्टला धारा २५० अँपिअर. मोटरला मिळाले १०.२ व्होल्ट, म्हणजे सुमारे २५५० वॉट शक्ती.

आता एका जोडावर गंजामुळे फक्त २० मिलिओहम, म्हणजे ओहमचा पन्नासावा भाग, वाढला असे समजा. एकूण रोध ७०.४ मिलिओहम. धारा उतरली १७९ अँपिअरवर. मोटरला मिळाले ७.३ व्होल्ट आणि शक्ती उरली सुमारे १३०० वॉट, म्हणजे जवळपास निम्मी. आणि त्या जोडावर खर्च झाले ३.६ गुणिले १७९, म्हणजे सुमारे ६४० वॉट. घरातली इस्त्री साधारण एवढीच शक्ती घेते! चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर कच्चा जोड हाताला गरम लागतो, तो यामुळेच.

इथे कोणी विचारील, मग मीटर ओहमवर लावून जोडाचा रोधच का मोजू नये? कारण साध्या मीटरच्या वायरींचाच रोध ओहमच्या दशांशाएवढा असतो. ओहमचा पन्नासावा भाग त्यात हरवून जातो. जो रोध मीटरला दिसत नाही तोच सेल्फला अडवतो. म्हणून रोध मोजायचा नाही, मोठी धारा वाहत असताना त्या रोधावर पडणारे विभवांतर मोजायचे.

तीन मापे आणि एक बेरीज

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये आणला, ब्रेक लावले, इंजिन बंद करायची दांडी ओढून धरली म्हणजे डिझेल जाणार नाही आणि इंजिन चुकूनही पेटणार नाही. दादा सीटवर बसले. सैल कपडे आवरून, पंख्यापासून दूर उभा राहून मी मीटर धरला. प्रत्येक मापासाठी त्यांनी तीन-चार सेकंद चावी फिरवायची आणि मध्ये थोडा वेळ थांबायचे. हे थांबणे महत्त्वाचे. चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला. इंजिन फिरवायला फार मोठी मोटर लागेल असे तेव्हा मानले जाई. केटरिंग यांच्या लक्षात आले की मोटरला काही सेकंदच राबायचे आहे, त्यामुळे लहान मोटरवर तेवढ्यापुरता जास्त भार टाकता येतो. पण तीच मोटर मिनिटभर दाबून धरली तर जळते.

पहिले माप बॅटरीच्या दोन शिशाच्या खांबांवर: ११.२ व्होल्ट. मीटरची टोके खांबांवरच टेकवायची, त्यांवर बसवलेल्या क्लॅम्पवर नाही. नाहीतर खांब आणि क्लॅम्प यांमधला दोष निसटतो. भार पडूनही बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली गेली नाही, म्हणजे बॅटरी ठणठणीत.

दुसरे माप बॅटरीच्या धन खांबापासून सेल्फच्या मुख्य स्क्रूपर्यंत: ०.३ व्होल्ट. हा सगळा मार्ग चांगला.

तिसरे माप सेल्फच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण खांबापर्यंत. तिथे कोणीच मोजले नव्हते, कारण 'ते तर लोखंडच आहे'. आकडा आला ३.६ व्होल्ट.

११.२ मधून ०.३ आणि ३.६ वजा करा. उरले ७.३. चौथे माप सेल्फच्याच दोन टोकांवर घेतले, तेही ७.३ आले. किर्खहॉफ यांनी १८४५ साली मांडलेला नियम हाच: बंद मार्गात जितके विभवांतर मिळते तितके वाटेत कुठे ना कुठे खर्ची पडते. जमाखर्च जुळला की माप बरोबर आहे याची खात्री पटते.

आता परतीच्या मार्गाचे तुकडे पाडले. खांब ते क्लॅम्प, काही नाही. क्लॅम्प ते केबलच्या दुसऱ्या टोकाची तांब्याची चकती, नगण्य. चकती ते गिअरबॉक्सचे लोखंड, ३.५ व्होल्ट. सापडले! पान्याने नटबोल्ट उघडला. चकतीखाली रंगाचा थर, गंज आणि मागच्या हंगामातली वाळलेली काळी माती होती. पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत केले, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावले. दांडी सोडली, दादांनी चावी फिरवली आणि ट्रॅक्टर एका दमात सुरू झाला. खर्च काही नाही. महिन्यापूर्वी बदललेली जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती.

यात मिस्त्रींना नावे ठेवण्याजोगे काही नाही. त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सराईत आहे. मापे घेताना ते शेजारीच उभे होते आणि तिसऱ्या आकड्यावर तेच आधी म्हणाले, "म्हणजे अर्थच खराब!" त्यांना कमी पडली होती ती फक्त एक कल्पना: विभवांतर हे नेहमी दोन बिंदूंमधले असते, आणि धारा वाहत असतानाच ते काही सांगते.

पेचकसाचा शॉर्टकट

दोष सापडला, पण त्या सकाळची खरी गोष्ट पुढेच आहे. बोल्ट आवळताना माझे लक्ष क्लचजवळच्या सुरक्षा-स्विचकडे गेले. त्याच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना पिळल्या होत्या. विचारल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, तो स्विच मधूनमधून लागत नव्हता, म्हणून डायरेक्ट केला. आणि चावीनं नाहीच झालं तर खाली उभं राहून पेचकसानं सेल्फचे दोन स्क्रू जोडतो, की होतो चालू."

हा स्विच छोट्या मंडलात एकसरीत असतो. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय तो जोडला जात नाही. म्हणजे ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तरी सुरू होताना चाकांना गती मिळत नाही. पेचकसाने स्क्रू जोडले की चावी आणि स्विच दोन्ही वगळले जातात. जुन्या बनावटीच्या डिझेल इंजिनाला एकदा फिरू लागल्यावर चालण्यासाठी विजेची गरजच नसते. त्यामुळे चावी बंद असली तरी ते पेटते आणि चालत राहते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर त्याच क्षणी तो पुढे जातो. आणि पेचकस धरणारा माणूस उभा असतो मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात. उडी मारायला वेळ मिळत नाही. अशा रीतीने ट्रॅक्टर सुरू करताना माणसे चाकाखाली सापडून मेली आहेत. म्हणूनच अनेक ट्रॅक्टरांच्या माहितीपुस्तिकांत सीटवर बसूनच इंजिन सुरू करा अशी सक्त सूचना असते.

गवत कापणाऱ्या यंत्रात असे स्विच आणखी जास्त असतात: सीटखाली एक, ब्रेकपाशी एक, पात्यांच्या दांडीला एक. पाती फिरत असताना चालक उठला तर इंजिन आपोआप बंद पडते. त्यांच्या कित्येक पेट्रोल इंजिनांत एक गंमत असते. मॅग्नेटोची ठिणगी बंद करायची तर तिची वायर यंत्राच्या अंगाला टेकवतात. म्हणजे तिथे मंडल जोडल्याने इंजिन बंद होते, तोडल्याने नाही! एखादी वायर घासून उघडी पडली आणि अंगाला टेकली तर सेल्फ छान फिरतो पण इंजिन पेटत नाही. दोष शोधताना 'हे मंडल जोडले जाऊन काम करते की तुटून?' हा प्रश्न आधी विचारावा तो यासाठी.

पुतण्याच्या स्विचमध्येही मोठे काही नव्हते. चिखल जाऊन दांडी अडकत होती. साफ करून वायरी पुन्हा जागेवर लावायला दहा मिनिटे लागली. सुरक्षा-स्विच बिघडला तर तपासणीपुरता तो मीटरने तपासावा, दुरुस्त करावा किंवा बदलावा. कायमचा वगळू नये.

बॅटरीजवळ काम करताना आणखी दोन गोष्टी. सोडताना ऋण टोक आधी सोडावे आणि जोडताना शेवटी जोडावे. कारण ऋण जोडलेले असताना धन टोकावरचा पाना चुकून लोखंडाला लागला तर शेकडो अँपिअरची ठिणगी उडते. आणि भारित होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको.

वर्गात करून पाहा

यासाठी ट्रॅक्टर लागत नाही. टॉर्चचे दोन सेल एकापुढे एक जोडा. त्यांच्यापुढे कच्च्या जोडाच्या जागी उभ्या चिरलेल्या पेन्सिलीतले शिसे घाला आणि शेवटी टॉर्चचा अडीच व्होल्टचा बल्ब. बल्ब मंद जळेल किंवा जळणारही नाही.

आता बल्ब काढून घ्या आणि बल्बच्या जागी मीटर लावा. जवळजवळ तीन व्होल्ट! विद्यार्थ्यांना विचारा: 'तीन व्होल्ट आहेत, मग बल्ब का जळत नाही?' बल्बच खराब आहे असे काही जण म्हणतील. तो थेट सेलना लावून दाखवा. मग बल्ब पुन्हा मंडलात बसवून सेलवर, शिशावर आणि बल्बवर अशी तीन मापे घ्यायला सांगा. शिसे आणि बल्ब यांची बेरीज सेलएवढी येते का ते त्यांनाच तपासू द्या. शेवटी शिशावरची एक वायर सरकवत दोन टोके जवळ आणा आणि आकडे कसे बदलतात ते पाहा.

पुढचा टप्पा: वर्गाबाहेर जाऊन एका विद्यार्थ्याने गुपचूप एका जोडाखाली कागदाचा कपटा किंवा गंजका खिळा घालावा. इतरांनी कमीत कमी मापांत तो शोधावा. मंडलाच्या मधोमध माप घेणारा विद्यार्थी एका टोकाने सुरुवात करणाऱ्यापेक्षा साधारणतः लवकर पोचतो, कारण प्रत्येक मापात निम्मे मंडल निर्दोष ठरते.

ग्रामीण शाळेतल्या बहुतेक मुलांच्या घरी किंवा शेजारी ट्रॅक्टर, मोटारसायकल नाहीतर पंप असतो. ओहमचा नियम त्यांनी उदाहरणे सोडवण्यापुरता पाठ केलेला असतो. तोच नियम पेरणीचे दोन दिवस आणि नव्या बॅटरीचे काही हजार रुपये वाचवू शकतो, हे त्यांना स्वतःच्या हाताने मापून कळले पाहिजे. त्याच तासाला पेचकसाची गोष्टही सांगावी. आमच्या पुतण्याला ती त्या दिवशी सांगता आली, कारण दोष अर्थच्या बोल्टमध्ये होता आणि ट्रॅक्टर दर वेळी न्यूट्रलमध्ये होता. दुसरी गोष्ट केवळ नशिबाची होती.